कोरडी सांगितलेली टाकी

काल दुपारी गल्लीत मच्छर मारायची धुराची मशीन आली. आधी लांबून फटफटीसारखा आवाज येतो. मग पांढरा धूर दाराखालून आत शिरतो आणि त्याचा रॉकेलसारखा वास पिठाच्या डब्याला, दोरीवरच्या कपड्यांना, अगदी केसांनासुद्धा चिकटून बसतो. बायका नाकाला पदर लावून ओट्यावर आल्या. कोणी खोकल्या, कोणी हसल्या. मी आतच बसून राहिले. मांडीवर इतवारी बाजारातल्या दुकानाची साडी होती, फॉल अर्धा लावून झाला होता. धूर आला की माझा टाका वाकडा जातो. दोन वर्षं झाली, अजून जातो.

श्रावण आला की लोकांना हिरवं काही आठवत असेल. मला एक पत्र्याची टाकी आठवते.

आमच्याकडे उन्हाळा आला हे कॅलेंडर पाहून कळत नाही. होळी झाली की रस्त्याच्या कडेला कूलरच्या ताट्यांचे ढीग लागतात, तेव्हा कळतं. वाळलेल्या गवताचा, थोडासा खसाचा वास चौकाचौकात भरून राहतो. सायकलच्या कॅरियरवर ताट्या बांधून माणसं घरी जातात. मग कूलर पुसायचा, मोटरीत अडकलेला कचरा काढायचा, जुन्या ताट्या फेकून नव्या बसवायच्या, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या गवताचा जो वास घरात येतो, त्यात निम्मा उन्हाळा माफ होतो. कूलर लावायचा दिवस असा सगळ्यांना माहीत असतो. काढायचा दिवस मात्र कोणालाच माहीत नसतो. पाऊस आला तरी उकाडा जात नाही. आषाढात वाटतं, अजून आठ दिवस राहू दे. श्रावणात कोणाला सवड नसते. भाद्रपदात पुन्हा ऊन तापतं. म्हणून कूलर खिडकीला तसाच उभा राहतो आणि त्याच्यावर कोणीतरी जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाकून देतं.

आमचाही तसाच उभा होता. मागच्या खोलीच्या खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर. आमची भिंत आणि यशोदामावशीच्या घराची भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर बोळ आहे. पुढून तो पत्रा लावून बंद केलेला. त्या बोळात आमचा कूलर, आणि त्याच्या समोर मावशीच्या घराची खिडकी. खिडकीला जाळी नव्हती. खिडकीखाली खाटेवर मावशीची सून प्रणाली आणि तिची सहा महिन्यांची मुलगी चिनू, दोघी झोपत.

टाकीतलं पाणी मी का फेकलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. माझं माहेर कुहीकडचं. पावसाळ्यात शेतात धानाच्या बांध्या तुडुंब भरायच्या, पण वैशाखात विहिरीत बादली सोडली की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. त्याच्याही आधी, माझ्या आजीच्या काळात, आमच्या लोकांना त्या विहिरीला हात लावू देत नसत. आजी घडा खाली ठेवून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर ते वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ती उन्हात तशीच उभी. पुढे ते दिवस गेले, घरासमोर नळ आला, पण आईच्या हाताला लागलेली सवय गेली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला, भाजी धुतलेलं झाडाला, पाय धुतलेलं अंगणात. पाणी फेकणारी बाई आईला बघवत नसे. तीच सवय माझ्या हाताला आली. इथे नळ एक दिवसाआड येतो. कूलरच्या टाकीत तिरपा पाऊस पडून पाणी साचायचं, तर मी खिडकीतून मग्गा बुडवून त्याच पाण्याने मागची खोली पुसायची. कामाला येणारं पाणी कशाला टाकायचं, असं वाटायचं.

एक दिवस मग्गा बुडवताना पाहिलं, पाण्यात काहीतरी वळवळतंय. केसाएवढ्या बारीक अळ्या, शेपूट वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेल्या. माझ्या हाताची सावली पडली तशा सगळ्या झरकन खाली गेल्या. हात काढला, पुन्हा हळूहळू वर. मी दोन-तीनदा तसं करून पाहिलं. मला गंमत वाटली. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. मला गंमत वाटली होती. मग मग्गा भरून घेतला, त्यातल्या दोन-चार फरशीवर पडून वाळल्या, आणि मी ते विसरून गेले.

विसरले असं तरी म्हणायचं का? चार दिवसांनी पालिकेच्या मुली दारात आल्या तेव्हा मला सगळं आठवलं होतं.

त्या दोघी होत्या. अंगात निळा कोट, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचं पांढरं पळीसारखं भांडं. ते भांडं मी ओळखलं. आदल्या वर्षी कोपऱ्यावरच्या घरी पाण्याच्या ड्रममध्ये अळ्या सापडल्या होत्या. मुलीने भांडं वर धरून गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवलं, म्हणाली, असं असतं बघा, घरी जाऊन आपापलं तपासा. तिचं काही चुकलं नव्हतं. पण गल्लीने त्या बाईचं नावच पाडलं, मच्छरवाली. भाजीवाल्यापाशी ती उभी राहिली तरी मागून कोणीतरी म्हणायचं, "सरका वं, मच्छरवालीले जागा द्या." ती हसून घ्यायची. मी ते हसणं पाहिलं होतं.

"काकू, कूलर आहे का?"

"आहे. पण चालू नाही."

"टाकी पाहू द्या."

मागच्या खोलीत दुकानाच्या साड्यांचा ढीग होता. दोरीवर आतले कपडे वाळत होते. आणि त्यापलीकडे ती टाकी. मला अनोळखी माणसासमोर मुळात बोलताच येत नाही. शब्द घशात येऊन उभे राहतात. पण त्या दिवशी शब्द पटकन आला.

"कोरडी आहे," मी म्हटलं. "कालच कोरडी केली."

मोठी मुलगी आत यायला निघाली होती. दुसरी तिला म्हणाली, "राहू दे वं. काकूचं घर पाह्य ना किती नीट आहे." तिने चौकटीवर खडूने तारीख लिहिली आणि पुढे बरोबरची खूण केली. जाताना माझ्याकडे बघून हसली.

पाणी तेव्हाच फेकता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण दुकानाच्या साड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या, मग दुसऱ्या दिवशी हे घरी होते, तिसऱ्या दिवशी पाऊस होता. खोटं बोलून झाल्यावर ती टाकी जणू खरोखर कोरडी झाली होती. मी तिच्याकडे बघायचंच बंद केलं.

त्या दिवसांत आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी पाच वाजता. वाचायची यशोदामावशी. ती माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठी. अंगणवाडीत मदतनीस होती, त्यामुळे आवाजाला धार. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाचता येतं, पण लोकांसमोर नाही. मी तिच्या बाजूला बसून पान उलटायची, तेवढंच माझं काम, आणि मला ते फार आवडायचं. मध्ये बायकांचे प्रश्न चालायचे. एकदा एकीने विचारलं, "काहून वं मावशी, मच्छर मारला तर पहिलं शील मोडते का?"

मावशीने चष्मा खाली ओढला. "तो आपलं रक्त न विचारता घेऊन राहिला, म्हणजे त्यानं दुसरं शील आधीच मोडलं. आता तुमचं तुम्ही पाहा."

सगळ्या इतक्या हसल्या की समोरची मेणबत्ती विझायला आली. मीही हसले. माझ्या टाकीत त्या वेळी पाणी होतं.

प्रणालीचा ताप सोमवारी सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं, पावसात भिजली. मग ती म्हणाली, डोळ्यांच्या मागे दुखतंय. मग म्हणाली, हाडं कोणीतरी पिळून राहिलं. बुधवारी अंगावर लाल ठिपके उठले. तिचा नवरा निलेश टेम्पो चालवतो. त्याने टेम्पोतच तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डेंग्यू. पेशी फार कमी झालेल्या. मावशी दारात येऊन मला हे सांगत होती, तिच्या कडेवर चिनू रडत होती, आणि माझे कान तिच्याकडे असले तरी डोळे चौकटीवरच्या खडूच्या खुणेवर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली जेवून पडलेली असताना, मी बोळातला फ्लेक्स काढला.

टाकी काळी पडली होती. मी खिडकीतून वाकून पाहिलं, माझी सावली पडली आणि सगळं पाणी एकदम खाली गेल्यासारखं झालं. मोजता येणार नाहीत इतक्या. काहींचं रूप बदललं होतं, वाकलेल्या, स्वल्पविरामासारख्या. काठावर दोन डास बसले होते, पायांवर पांढरे पट्टे. मी खालचं बूच काढलं. पाणी बोळातून पत्र्याखाली, तिथून गल्लीत वाहत गेलं. तळाचं राहिलं ते वाटीने उपसलं. मग नारळाच्या शेंडीने आणि राखेने टाकी घासली. इतकी घासली की पत्र्याचा मूळचा रंग निघाला. हात धुवायला ओट्यावर आले, त्याच वेळी निलेश प्रणालीचे कपडे न्यायला आला. त्याची चप्पल त्या पाण्यात भिजली.

"काकू, एवढं पाणी कायचं?"

"गोधडी धुतली," मी म्हटलं.

"अशा पावसात?" एवढंच म्हणून तो घाईने आत गेला.

चिनूला मी माझ्या घरी आणलं. मावशी दवाखान्यात थांबायची, निलेश धावपळीत. मी छतापासून मच्छरदाणी बांधली, सगळीकडून गादीखाली खोचली आणि आत तिला घेऊन बसले. तिला बाटली घ्यायची सवय नव्हती. तोंड फिरवायची, मुठी आवळून रडायची, थकून झोपायची आणि झोपेत ओठ हलवायची. अंगणातल्या पपईची पानं कुटून मी रस पाठवला. डॉक्टर म्हणाले, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, पाणी भरपूर पाजा, सलाइन आम्ही देतोय. तरी मावशी सगळ्यांना सांगत सुटली, "माझी कुंदा आहे म्हणून बरं. सख्खी बहीण इतकं करत नाही." मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, ही लाजरीच आहे.

मी लाजरी आहेच. सासरी आले तेव्हा वर मान करून बोलत नव्हते. जेवताना आवाज झाला तरी लाजायची. सही करताना अक्षर वाकडं आलं की लाजायची. घर अस्ताव्यस्त दिसेल म्हणून लाजले. आयुष्यभर इतक्या बारीकसारीक गोष्टींना लाजले, आणि जिथे लाज धरून थांबायचं तिथे मात्र माझी जीभ कशी सरळ चालली, हे मला आजवर कळलेलं नाही.

रोगी सापडला म्हणून त्या आठवड्यात पालिकेच्या मुली पुन्हा आल्या. आजूबाजूची घरं एकेक करून तपासली. मावशीच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीवर पाखरांसाठी पाण्याचे तीन परळ ठेवलेले असायचे. मातीचे, पसरट. चिमण्या, साळुंक्या, कधी एखादा बुलबुल यायचा. सून दवाखान्यात असल्यापासून मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. मुलीने पांढऱ्या भांड्यात पाणी घेतलं, टॉर्च मारला.

"इथे आहेत."

तीन होत्या. मी भांड्यात डोकावून मोजल्या. तीन.

मग त्या माझ्याकडे आल्या. या वेळी मी स्वतःहून खिडकी उघडली. मोठी मुलगी वाकली, बोट फिरवून पाहिलं आणि बाहेर येऊन सगळ्या बायकांना म्हणाली, "या काकूंची टाकी पाहा. आरशासारखी. अशी ठेवायची. नुसतं पाणी सांडून होत नाही, कडा घासाव्या लागतात. अंडी कोरड्या कडेला महिनोन् महिने चिकटून राहतात, पुन्हा पाणी लागलं की जिवंत होतात." बायका माझ्याकडे पाहत होत्या. एक जण म्हणाली, "कुंदाचं कामच वेगळं आहे बाप्पा."

मावशी तिच्या दारात उभी होती. तेवढ्यात निलेश आला. काय झालं ते त्याला दोन बायकांनी एकदमच सांगितलं. तो तीन रात्री झोपला नव्हता. त्याने तिन्ही परळ उचलले आणि रस्त्यावर आपटले.

"पाखरांचीच पडली होती ना तुले! पोरगी तिथे मरून राहिली, आणि तू पाखरं पोस!"

मावशी पायरी उतरली. वाकून खापऱ्या गोळा करायला लागली. मी तिच्या शेजारी बसले आणि मीही खापऱ्या गोळा केल्या. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर लांब होतं. मी खापऱ्या गोळा केल्या.

प्रणाली वाचली. दहा दिवसांनी घरी आली, हिरवट चेहऱ्याची, भिंतीला धरून चालणारी. दूध आटलं होतं. चिनू तिच्या छातीशी जायची, चोखून पाहायची आणि चिडून रडायची. प्रणाली तिला दूर करून भिंतीकडे तोंड करायची. पुढे बाटलीवरच वाढली पोरगी. वाढली, हे खरं. आता अडीच वर्षांची आहे, माझ्या दारातून मांजरासारखी आत येते. पण त्या दोघींमधलं ते जे तुटलं ते तुटलंच.

गल्लीने मावशीचं नाव पाडलं, मच्छरवाली आजी. कोपऱ्यावरची बाई सुटली, हिच्या गळ्यात पडलं. निलेश महिनाभर आईशी बोलला नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, उठायचा. एक दिवस मावशी पिशवी घेऊन निघाली. कामठीला, लेकीकडे. "थोडे दिवस राहून येतो," म्हणाली. मी ऑटोपर्यंत पिशवी धरली.

थोडे दिवस म्हणजे दोन वर्षं झाली.

विहारातल्या बायकांनी तिच्या जागेवर मला बसवलं. दुसरी कोणी तयार नव्हती. पहिल्या दिवशी माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, हळूहळू यायला लागला. वाचन सुरू करायच्या आधी आम्ही पाच शीलं म्हणतो. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. समोर पंधरा-वीस बायका असतात, त्यांच्या आवाजात माझा आवाज नसलेला कोणाला कळत नाही. मला कळतो. रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी कळतो.

मनाला समजावायला मी बरंच काही शोधून ठेवलं होतं. डास कोणाचा होता हे कोण सांगणार? तो कोपऱ्यावरच्या नालीतूनही आला असेल. मावशीच्या परळातही होत्याच की. तीन का होईना. दुपारी फॉल लावताना सुई आत-बाहेर करत मी हे मनात इतक्यांदा म्हटलं आहे की शब्द गुळगुळीत झाले. पण मग त्या मुलीचं बोलणं आठवायचं, कोरड्या कडेला चिकटून राहतात म्हणून, आणि माझं खोटंही तसंच पुन्हा जिवंत व्हायचं. माझ्या टाकीवर माझी सावली पडली तेव्हा पाणी खाली गेलं होतं. तीन आणि ते, दोन्ही मी पाहिलं होतं. मी एकटीनेच पाहिलं होतं.

यंदा आषाढात प्रणाली माझ्याकडे ब्लाउज शिवायला आली. आता अंगाने भरली आहे, हसते. चिनू बटणांच्या डब्यात हात घालून बसली होती. मी सहज विचारलं, "मावशीचा फोन येते का?"

"येते. यांचा राग तर कधीच गेला काकू. हे दोनदा घ्याले गेले. पण आईच येत नाही. म्हणते, माझा हात लागला की पोरीले काही होते. चिनूशी फोनवर बोलते, पण व्हिडिओ लावू देत नाही. म्हणते, मले तोंड दाखवाले लाज वाटते."

माझ्या हातातली टेप खाली पडली. चिनूने उचलून दिली.

मी इतके दिवस समजत होते की निलेशने तिला काढलं आहे, आणि तो राग उतरला की ती येईल. मग कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही. पण तिला तिथे कोणी ठेवलंच नव्हतं. ती माझी लाज घेऊन बसली होती.

कामठीला शेअर ऑटोने गेले. मावशीच्या लेकीच्या गल्लीत सगळीकडे कापड विणायच्या मागांचा आवाज असतो, खटखट खटखट, बोलताना माणसं आपोआप मोठ्याने बोलतात. मला मोठ्याने बोलता येत नाही. मावशी वाळली होती. मला पाहून उठली, गालावरून हात फिरवला, चहा ठेवला. मी चहा होईपर्यंत थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं, म्हणून तिची पाठ असतानाच म्हटलं.

"मावशी, ते परळातलं नव्हतं. माझ्या कूलरच्या टाकीतलं होतं."

"काय म्हणते?"

मागांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नव्हतं. मला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, ओरडून. ती वळून पाहत राहिली आणि हसली.

"तुझ्या टाकीतलं? सगळ्या गल्लीसमोर पाहिलं ना त्या पोरीनं. आरशासारखी होती."

"मी आधी घासली होती. पाणी सांडून दिलं, मग घासली. पहिल्यांदा आल्या तेव्हा कोरडी आहे म्हणून खोटं सांगितलं."

"उगी राह्य वं." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मले बरं वाटावं म्हणून इतक्या लांब आली तू. आणि स्वतःवर घेऊन राहिली. असं नको करू बाई. ज्याचं त्यानं सोसावं. मी पाच दिवस पाणी बदलवलं नव्हतं. मले माहीत आहे ना माझं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगितलं तितकी ती माझ्यावर माया करत गेली. लेकीला हाक मारून म्हणाली, "पाह्य वं, शेजारीण असावी तर अशी." तो चहा मी कसा प्याले ते मलाच ठाऊक. दोन वर्षं मी गप्प राहून खोटी होते. त्या दिवशी खरं बोलून तिच्या डोळ्यांत आणखी चांगली झाले. यापेक्षा तिने मला हाकलून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

परतताना ऑटोत मला कळलं की मी पुन्हा सोपी जागा शोधली होती. जी माझ्यावर रागावणारच नाही तिच्याकडे जाऊन सांगितलं. ज्याला सांगायला हवं तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश टेम्पो पुसत होता. प्रणाली चिनूला भरवत होती. मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि बसले नाही.

"निलेश, त्या दिवशी मी गोधडी धुतली नव्हती."

त्याला काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मग्गा, खडूची खूण, बूच, राख. पुढचं आधी आणि आधीचं मागून, जसं आलं तसं. बोलताना मी चिनूच्या हातातल्या वरणभाताकडे पाहत होते. संपलं तेव्हा निलेशच्या हातातला फडका थांबला होता.

"माझी चप्पल भिजली होती," तो हळूच म्हणाला. "मले आठवते."

त्याने फडका टेम्पोवर ठेवला.

"काकू, मी आईले साऱ्या गल्लीसमोर बोललो. तुम्ही तिच्या बाजूले बसून होत्या."

"हाव."

प्रणालीने ताट बाजूला सरकवलं. चिनू माझ्याकडे यायला निघाली होती, तिला तिने उचललं, कडेवर घेतलं आणि आत गेली. पडदा ओढला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता काहून सांगितलं? झालं गेलं होतं सारं."  संध्याकाळी विहारात जाऊन मी बायकांना म्हटलं, मी आता वाचणार नाही, दुसरं कोणी पाहा. का, म्हणून विचारलं तेव्हा तेही सांगितलं.  कोपऱ्यावरची बाई माझ्याकडे पाहत होती. ती हसली नाही. त्या दिवसापासून माझं काय नाव पडलं असेल ते मी विचारायला गेले नाही.

काल धूर विरल्यावर निलेशचा टेम्पो गल्लीत शिरला. पुढच्या सीटवर यशोदामावशी होती. निलेशने हात धरून तिला उतरवलं. भिजलेल्या चपलेचं त्याने तिला सांगितलं असणार. मी ओट्यावर गेले होते. पळून आत जावं असं वाटत होतं, पण तिथेच उभी राहिले. तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली असावी. 

"दोन वर्षं मी सुनेच्या डोळ्यात पाहिलं नाही, कुंदा," ती म्हणाली.

एवढंच. आवाज चढा नव्हता. मग तिने पदर सावरला आणि ती आपल्या घराची पायरी चढली. दारात प्रणाली चिनूला घेऊन उभी होती. मावशी तिच्यासमोर थांबली, मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. प्रणालीने चिनूला पुढे केलं. मावशीचे हात आधी मागे गेले, मग पुढे आले.

मी आत येऊन दार लोटलं. साडीचा फॉल अर्धाच राहिला होता.